चिठ्ठीवरचं वजन

मागच्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेने मला बोलावलं. दुपारी दोननंतर शाखांचे व्यवहार मुख्य शाखेपर्यंत पोचायला उशीर व्हायचा, कधी पोचायचेच नाहीत. कारण साधं निघालं. एका स्विचचं पोर्ट गेलं होतं, ते बदलायला अर्धा तास लागला. पण ते शोधताना सर्व्हरवर जे दिसलं, त्यासाठी हा लेख लिहितोय.

त्या सर्व्हरवर वायरशार्क होतं. आधी काम पाहणाऱ्या कंपनीच्या माणसाने कधीतरी बिघाड शोधायला ते टाकलं होतं आणि सर्व्हर सुरू झाला की त्याच्याच कुटुंबातलं टीशार्क आपोआप सुरू व्हावं अशी सोय करून तो निघून गेला होता. आवृत्ती कित्येक वर्षं जुनी. चालत होतं ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात. आणि त्याच मशिनवर सगळ्या खातेदारांचा हिशेब.

मी म्हटलं, हे आज बंद करावं लागेल. मॅनेजरसाहेब म्हणाले, “चालू हाये ना भाई, मंग कायले हात लावता? ते तं आपल्या सुरक्षेसाठीच हाये म्हणे.”

त्यांचा प्रश्न रास्त होता. पहारेकऱ्यामुळे घरात चोर शिरतो हे कुणाला पटकन पटेल? मला ते पटवायला दोन चहा लागले. इथे जरा सविस्तर सांगतो.

नेटवर्कवरून काहीही जातं ते लहान लहान तुकड्यांत जातं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेट. वर पत्ता, आत माल. शाखेतून पाचशे रुपयांची पिग्मी जमा केली तरी त्याची काही पॅकेटं होतात. वायरशार्कसारखं सॉफ्टवेअर तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट उघडतं आणि माणसाला वाचता येईल अशा भाषेत मांडतं. हे पॅकेट कुणाकडून कुणाकडे, कोणत्या पद्धतीचं, आत काय. पद्धती हजारो आहेत. वेबसाइटची वेगळी, फोनवरच्या बोलण्याची वेगळी, कारखान्यातल्या यंत्रांची वेगळी. प्रत्येक पद्धत वाचायला कोडचा एक स्वतंत्र तुकडा लागतो, त्याला डिसेक्टर म्हणतात. आज वायरशार्कला तीन हजारांच्या वर पद्धती वाचता येतात. त्यातल्या पुष्कळ जगभरातल्या लोकांनी आपापल्या गरजेपुरत्या लिहून दिलेल्या आहेत.

सुरुवात एका माणसाची आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जेराल्ड कॉम्ब्स नावाचा गृहस्थ एका लहान इंटरनेट कंपनीत काम करायचा. बाजारात मिळणारी अशी सॉफ्टवेअर महाग होती आणि त्याच्याकडच्या मशिनवर चालतही नव्हती. म्हणून त्याने स्वतःच लिहिलं आणि जुलै 1998 मध्ये सगळ्यांसाठी मोकळं केलं. नाव ठेवलं इथेरियल. 2006 मध्ये त्याने नोकरी बदलली. कोड त्याचा होता, पण नाव जुन्या कंपनीच्या मालकीचं. तेव्हा त्याने नाव सोडलं आणि काम घेऊन निघाला, तेच वायरशार्क. (नाव गेलं तरी काम टिकतं, हे त्या दुनियेत तरी खरं आहे.) त्याच्या आधीपासूनचं, 1988 मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत लिहिलेलं टीसीपीडंपही अजून वापरात आहे. नेटवर्कचं काम करणाऱ्या माणसाचा दिवस या दोघांपैकी एकाशिवाय जात नाही.

आता गोम अशी की हे सॉफ्टवेअर अनोळखी माणसाने पाठवलेला प्रत्येक पुडा उघडतं. आपल्या मेलवर संशयास्पद फाइल आली तर आपण ती उघडत नाही. याचं कामच उघडण्याचं आहे. आणि पुड्यात काय भरायचं ते पाठवणाऱ्याच्या हातात.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते धरमकाट्यामुळे. माझे अब्बा खामगावात एका जिनिंगच्या काट्यावर तेवीस वर्षं होते. खामगाव कापसाचं गाव. 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा इथे आणला तोही कापसासाठीच. हंगामात रात्री दोन वाजतासुद्धा गाड्यांची रांग असायची. गाडी भरलेली एकदा मोजायची, माल उतरवून रिकामी पुन्हा मोजायची, फरक तो माल. पुष्कळ गाड्यांसोबत गावातल्या व्यापाऱ्याची चिठ्ठी यायची, अमुक क्विंटल भरून पाठवला आहे. अब्बा चिठ्ठी वाचायचे, खिळ्याला अडकवायचे आणि गाडी काट्यावर घ्यायचे. सख्ख्या चाचांची गाडीसुद्धा. चाचा एकदा त्यावरून रुसले होते. अब्बांचं एकच वाक्य असायचं, “चिठ्ठी पढ लेना, मगर लिखना वही जो काटा बोले.”

त्यात कुणावर संशय घेण्याचा भाग नव्हता. कधी कापसाला पाणी मारलेलं असायचं हे खरं, पण कधी वाटेत पोतं सांडलेलं असायचं, कधी लिहिणाऱ्याने सहाचा आठ केलेला असायचा. चिठ्ठी खोटी आहे की चुकलेली आहे हे शोधत बसायचं काम काट्याचं नाही.

पॅकेटमध्येही चिठ्ठी असते. बहुतेक पद्धतींत आधी लांबी लिहिलेली असते. पुढे दहा अक्षरं येत आहेत, आणि मग ती दहा अक्षरं. वाचणाऱ्या कोडने त्या आकड्यावर विसंबून पुढचं वाचलं की घात झाला. जगात गाजलेला 2014 चा हार्टब्लीड दोष याच जातीचा. चिठ्ठीत लिहिलं होतं चौसष्ट हजार, आत माल होता एका अक्षराचा, आणि सर्व्हरने चिठ्ठीप्रमाणे बाकीचं स्वतःच्या कोठारातून भरून दिलं. लोकांचे पासवर्डसुद्धा त्यात बाहेर गेले.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने प्रोजेक्ट म्हणून एक डिसेक्टर लिहायला घेतला, आणि विषय निवडला आपल्याच घरातला, वजनकाटा. हल्ली काट्याचं वजन तारेवरून थेट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जातं. एका जिनिंगमध्ये स्थानिक मुलांनी बनवलेली पद्धत आहे. आधी गाडी क्रमांकाची लांबी, मग गाडी क्रमांक, मग वजन, मग वेळ. भाच्याला ते वायरशार्कमध्ये सुबक दिसायला हवं होतं. दिसत होतंही. एमएच 28 पासून सुरू होणारे आपले सगळे नंबर ओळीने उमटत होते. पोरगा खुशीत होता. मला कोड दाखवला.

त्याने गाडी क्रमांकासाठी सोळा अक्षरांची जागा ठेवली होती. नंबर दहा अक्षरांचा असतो, म्हणजे सोळा भरपूर. पण पॅकेटात लांबी जेवढी लिहिली असेल तेवढी अक्षरं तो त्या जागेत उतरवत होता. मी विचारलं, लांबी दोनशे लिहून आली तर?

तो म्हणाला, “मामू, अपने ही काटे का डेटा है. झूठ कौन भेजेगा?”

आपल्याच काट्याचा डेटा, खोटं कोण पाठवेल. हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी ऐकलंय, ऑफिसच्या आतलंच नेटवर्क आहे, आपल्याच शाखा आहेत, आपलीच माणसं आहेत. पण डिसेक्टर पाठवणाऱ्याला ओळखत नाही, तो फक्त पॅकेटाचा आकार ओळखतो. त्याच नेटवर्कवरच्या कुठल्याही मशिनवरून कुणीही तसं पॅकेट बनवून सोडू शकतो, आणि बहुतेक वेळा पाठवणारा दिसतो त्याहून वेगळाच असू शकतो.

सोळाच्या जागेत दोनशे अक्षरं ओतली तर काय होतं? सी भाषा विचारत नाही. ती ओतत जाते. रजिस्टरच्या लहान रकान्यात लांबलचक नाव लिहिलं की ते शेजारच्या रकान्यावर चढतं, तसं. फरक एवढाच की मेमरीत त्या शेजारच्या रकान्यांपैकी एकात लिहिलेलं असतं, हे काम संपलं की कुठे परत जायचं. पाठवणाऱ्याने नेमकं तिथे आपल्याला हवा तो पत्ता पडेल असं पॅकेट बेतलं, तर कॉम्प्युटर परत येण्याऐवजी त्याच्या सांगण्यावरून चालायला लागतो. आजची मशिनं याला बरेच अडसर घालतात, पण अडसर असणं आणि भोक नसणं यात फरक आहे. सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर पाहुणाही ॲडमिनिस्ट्रेटर.

भाच्याने आणखी एक सांगितलं, आणि ते महत्त्वाचं आहे. “वायरशार्क तो चेक करता है ना?” हो, करतं. वायरशार्कने पॅकेट वाचायला स्वतःची फंक्शनं दिलेली आहेत. पॅकेटात शंभरच अक्षरं आहेत आणि तुम्ही दोनशे मागितली, तर ते तिथेच थांबतं आणि पॅकेट बिघडलेलं आहे अशी सूचना दाखवतं. फार मोठी सोय आहे ती, तिच्यामुळे कित्येक दोष मुळातच दबले. पण ते एवढंच तपासतं की गाडीत तेवढा माल आहे का. तुझ्या पोत्यात तो मावतो का हे तपासायचं काम तुझं. पाठवणाऱ्याने लांबी दोनशे लिहिली आणि खरोखर दोनशे अक्षरं भरली, तर वायरशार्कला काहीच गैर दिसत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. स्वतःची सोळाची जागा काढून टाकली आणि मजकुरासाठी लागेल तेवढी जागा वायरशार्कच्याच फंक्शनने घ्यायची. आणि लांबी सोळाच्या वर असेल तर वाचायचंच नाही, लाल खूण करून पुढे जायचं.

मग दुसरा दोष निघाला. एका पॅकेटात अनेक गाड्यांच्या नोंदी येतात. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला त्या नोंदीची लांबी. कोड एक नोंद वाचतो, लांबीएवढा पुढे सरकतो, दुसरी वाचतो. लांबी शून्य आली तर? शून्य पावलं पुढे जायचं आणि पुन्हा तीच नोंद वाचायची. पुन्हा शून्य. मशिन तापतं, पंखा ओरडतो, सॉफ्टवेअर मरत नाही आणि पुढेही जात नाही. ‘त्या खिडकीत विचारा’ आणि ‘या खिडकीत विचारा’ यांच्यात दिवसभर फिरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. टीसीपीडंपमध्ये डीएनएस वाचणाऱ्या कोडला 2017 साली नेमका असा न संपणारा फेरा सापडला होता. डीएनएसमध्ये एकच नाव पुन्हा लिहायचं टाळून ‘मागे अमुक जागी पाहा’ असं लिहिता येतं. लबाडाने अशा खुणा एकमेकींकडे वळवल्या की वाचणारा फिरत राहतो. उपाय तोच, प्रत्येक फेरीत आपण खरंच पुढे सरकलो का ते पाहायचं, नसू तर थांबायचं.

नुसता फेरा म्हणजे काय मोठं, बंद करून पुन्हा सुरू करा, असं वाटू शकतं. पण चोरी करणाऱ्याला पुष्कळदा एवढंच हवं असतं. आधी पहारेकऱ्याला एका पॅकेटने गोल फिरवत ठेवायचं आणि मग आपलं काम करायचं.

टीसीपीडंपच्या सप्टेंबर 2017 मधल्या 4.9.2 या एका आवृत्तीत नव्वदच्या आसपास सुरक्षा दोष एकदम दुरुस्त केले गेले. ही यादी मी वर्गात मुलांना दाखवतो तेव्हा ती हसतात. एवढे दोष असलेलं सॉफ्टवेअर लोक वापरतात? 2004 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनीही वैतागून इथेरियल आपल्या संग्रहातून काढूनच टाकलं होतं. त्यांचा वैताग मी समजू शकतो, पण मला तो निर्णय पटत नाही. नव्वद दोष जाहीर झाले म्हणजे नव्वद वेळा कुणीतरी बसून शोधले, दुरुस्त केले आणि आकड्यासह लिहून ठेवले. ज्या सॉफ्टवेअरची अशी यादीच कुठे नाही, त्याची मला जास्त भीती वाटते. वायरशार्क साधारण सहा आठवड्यांनी दुरुस्तीची आवृत्ती काढतं. ती घ्यायचीच नाही असं ठरवलेल्या माणसासाठी मात्र हीच यादी उलटी फिरते. कोणती कडी कुठे सैल आहे याचा नकाशा चोराच्या हातात, आणि आपलं दार जुनंच.

याचं सगळ्यात कडू उदाहरण मार्च 2004 चं आहे. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स नावाच्या कंपनीची सुरक्षा सॉफ्टवेअर पॅकेटं तपासायची. आयसीक्यू या तेव्हाच्या गप्पांच्या पद्धतीचं पॅकेट वाचणाऱ्या भागात दोष होता, तोच, ठरलेल्या जागेत जास्त माल. 18 मार्चला तो जाहीर झाला. दुसऱ्याच रात्री विटी नावाचा किडा सुटला. एक पॅकेट यायचं, पहारेकरी ते तपासायला उघडायचा आणि तिथेच पडायचा. मशिनवर आयसीक्यू असायची गरज नव्हती, कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. पाऊण तासात सुमारे 12,000 मशिनं. किडा तिथून वीस हजार पॅकेटं पुढे पाठवायचा, मग डिस्कवर कुठेतरी कचरा लिहायचा, पुन्हा वीस हजार. ज्यांनी सुरक्षेसाठी पैसे मोजले होते, तेवढ्याच लोकांच्या डिस्का गेल्या. काहीच न बसवलेला शेजारी सुखरूप राहिला.

हे मी पतसंस्थेत सांगितलं तेव्हा मॅनेजरसाहेब गप्प झाले. मग म्हणाले, हे अमेरिकेतलं. म्हणून मी पुण्याचं सांगितलं. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला. त्यात दोष वायरशार्कचा नव्हता, गोष्ट वेगळी होती. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला हो म्हणत गेली. 28 देशांतून पैसे निघाले, दोन दिवसांच्या आत-बाहेर एकूण 94 कोटींवर. पण त्यातून एक कळतं, की महाराष्ट्रातली सहकारी संस्था कुणाच्या नजरेत नाही असं मानायला जागा उरलेली नाही. आणि आतल्या नेटवर्कवर आलेलं उत्तर आपल्याच यंत्राचं असेल, हे गृहीत धरणंच तिथे महागात पडलं.

शिवाय बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. माझ्या फुफूचं बांगड्यांचं दुकान आहे, ती रोज संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातात शंभर-दोनशे ठेवते. तिच्यासारख्यांचा पैसा त्या एका सर्व्हरवरच्या आकड्यांत असतो. तिला पॅकेट म्हणजे काय हे माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही.

शेवटी पतसंस्थेत केलं ते असं. सर्व्हरवरून वायरशार्क काढलं, सोबतचं जुनं विनपीकॅपही काढलं, कारण 2013 नंतर त्याची नवी आवृत्तीच आलेली नाही. स्विच आधीच बदलायचा होता, तर असा घेतला की एका पोर्टवर सगळ्या रहदारीची नक्कल मिळते. तिथे एक जुना लॅपटॉप लिनक्स टाकून जोडला. त्यावर पॅकेट पकडायचं काम फक्त डंपकॅप करतं. वायरशार्कवाल्यांनीच हे वेगळं केलेलं आहे. तारेवरून उचलायला विशेष अधिकार लागतात, म्हणून तेवढं काम करणारा छोटा प्रोग्रॅम निराळा, जो पॅकेटाच्या आत डोकावतच नाही. उघडून वाचणारा लाखो ओळींचा कोड साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात. त्यांच्या माहितीपानावर हे मोठ्या अक्षरांत बजावलेलं आहे आणि तरी लोक रूट म्हणून चालवतात. त्या लॅपटॉपवर हिशेबाची एकही फाइल नाही, आणि त्याच्यावरून सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही. तो पडला तर पडला.

खर्च झाला स्विचचा आणि एका हार्ड डिस्कचा. संचालकांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं म्हणे की यातून फायदा काय. मॅनेजरसाहेबांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण बिल पास झालं.

इकडे भाच्याला मी नवीन काम दिलं. वायरशार्कसोबत एडिटकॅप नावाचं अवजार येतं. चांगल्या पॅकेटांच्या फाइलमध्ये ते मधेमधे मुद्दाम अक्षरं बिघडवून देतं. तशा बिघडवलेल्या फाइली एकामागून एक आपल्या डिसेक्टरला खायला घालायच्या आणि कुठे पडतो ते पाहायचं. वायरशार्कचे लोकही आपलं सॉफ्टवेअर याच पद्धतीने रात्रंदिवस झोडपत असतात. त्याने छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि रात्री लावून झोपला. दोनदा लाइट गेली, पण लॅपटॉप तग धरून होता.

सकाळी चार हजार फाइलींत डिसेक्टर दोनदा पडलेला सापडला. पहिलं कारण दुपारपर्यंत मिळालं. वजनाचा आकडा ऋण आला होता, आणि काट्यावर ऋण वजन येऊ शकतं हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. (येतं. काटा रिकामा असताना शून्य नीट लावलेलं नसेल तर येतं. अब्बांनी ते पाचव्या सेकंदाला सांगितलं.) दुसरी फाइल त्याने वेगळी काढून ठेवली आहे. ती घातली की डिसेक्टर दहातून एकदाच पडतो, नऊ वेळा काहीच होत नाही. आज आठवा दिवस, पोरगा त्याच्यामागे आहे.